हलू नका, टाचणी आहे

४ जानेवारी

चि. नाना,

आशीर्वाद. रागातले आहेत, पण आशीर्वादच.

अक्का फोन का करत नाही म्हणून तू कुरकुरतोस. अरे, फोन कानाला लावला की गुंडू शेजारी येऊन उभा राहतो, कान टवकारून. त्याच्याबद्दल त्याच्याच समोर काय बोलू? म्हणून लिहितेय. आत्ताही समोर बसलाय, पण त्याला वाटतंय मी गिऱ्हाइकाची मापं उतरवतेय.

पन्नाशीला आलेला आपला धाकटा भाऊ सध्या माझ्या डोक्यावर मिरे वाटतोय. जिना उतरायचा म्हटलं की पहिल्या पायरीवर फतकल मारून बसतो. चहा ओतायला दिला की कप भरून बशी, बशी भरून टेबल. परवा इस्त्रीवाला नेहमीसारखा हसत दुकानात शिरला, तर गुंडू त्याच्यावर ओरडला, "कोण आहेस तू?" इतक्या वर्षांचा दोस्त! इस्त्रीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. मी गुंडूला चांगला झापला. मग तो कोपऱ्यात जाऊन रिळांच्या खोक्यात हात घालून बसला, आणि मला स्वतःचाच राग आला.

आरोग्य केंद्रात एक नवी नर्स आलीय. आपल्या गुंडूसारख्या, वयाने मोठ्या झालेल्या गतिमंद माणसांच्या तब्येती बघायला घरोघर जाते. फक्त त्यांच्यासाठीच, बरं का. बघ, असंही काम असतं. पुढच्या आठवड्यात आपल्याकडे येणार आहे. मी तिला सांगणार, बाई, तब्येत ठणठणीत आहे, स्वभावावर काही औषध असेल तर द्या.

तुझी अक्का


११ जानेवारी

अक्का,

पाया पडतो. राग पोचला, आशीर्वादही पोचले.

गुंडूचं मनाला लावून घेऊ नकोस. वय झालं की अशी माणसं हट्टी होतात, मी कुठेतरी वाचलं होतं. त्याला जिना नको तर नको. चहा तू ओत. इस्त्रीवाल्याची मी फोन करून समजूत घालतो.

त्या नर्सबाईंना येऊ दे, पण फार खोलात शिरू देऊ नकोस. लहानपणी त्याच्या हृदयाची किती तपासणी झाली, आठवतंय ना? पांढरा कोट दिसला की पलंगाखाली. त्याला बाहेर काढता काढता आईच्या नाकी नऊ यायचे. आता म्हातारपणी पुन्हा ते नको. तो तुझ्या दुकानात सुखात आहे. तू कापड दाखवावंस आणि त्याने खोक्यातून बरोब्बर त्याच रंगाचं रीळ काढून द्यावं, हे ज्याला जमतं त्याचं काय बिघडलंय? मला तर निळ्यातले चार निळे ओळखू येत नाहीत.

एका पुलाच्या तपासणीवर आहे, दिवसभर भेगा शोधतो. सवडीने लिहीन.

नाना


२० जानेवारी

चि. नाना,

बस आणि मग वाच. माझ्या भ्रमाचा भोपळा फुटलाय.

बाई आली. पांढरा कोट नाही, काही नाही. मोठ्या चौकड्यांचा शर्ट, खांद्याला झोळी. आल्या आल्या गुंडूला म्हणाली, "गुंडूभाऊ, नमस्कार. तुमच्या दुकानात बसू का?" अरे, तुमच्या! पन्नास वर्षांत त्याला कुणी अहो म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. गुंडूने मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून.

तपासायला मुळीच घाई नाही. आधी स्वतःचा दंड पुढे केला, पट्टा त्याच्याकडून बांधून घेतला, त्याने फुगा दाबला. "माझं रक्त ठीक आहे का, डॉक्टरसाहेब?" गुंडू म्हणाला, "ठीक नाही. चहा घ्या." मग त्याने आपणहून दंड पुढे केला. कान बघितले, दात बघितले, वजन बघितलं. कानातला मळ काढायला हवाय, एक दाढ किडलीय. ही दाढ किती दिवस ठणकत असेल, आणि मी म्हणत होते हल्ली जेवताना नाटकं करतो.

मग तिने विचारलं, "मला या शर्टाला दोरा द्याल?" गुंडूने रीळ काढलं, नाकाशी नेलं, खिडकीपाशी गेला, परत नाकाशी नेलं, आणि दिलं. हिरव्याला तपकिरी. तिने आभार मानले, तोंडावरची रेष हलू दिली नाही. माझ्याकडे मात्र पाहिलं. आणि नाना, मी रडायला लागले.

कारण मला ठाऊक होतं रे. वर्षभर तो चुकीचे दोरे देतोय. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी "शाब्बास" म्हणायचे आणि त्याची पाठ वळली की गुपचूप दोरा बदलायचे. मला वाटलं डोकं थकलंय त्याचं. डोळे थकले असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याला जिना दिसत नव्हता, कपाची कड दिसत नव्हती, इस्त्रीवाल्याचं तोंड दिसत नव्हतं. आणि मी त्याला झापत होते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ऑपरेशन केलं नाही तर थोड्याच काळात फक्त उजेड-अंधार तेवढा कळेल.

अक्का


२९ जानेवारी

अक्का,

तुझं पत्र वाचून तोंडचं पाणी पळालं. पण जरा थंड डोक्याने विचार करू.

मी इथल्या दोन डॉक्टरांशी बोललो. त्याचं हृदय असं, त्याला पूर्ण भूल देणं जोखमीचं. म्हणजे डोळ्यापुरती भूल द्यायची, आणि हा माणूस तोंडावर कापड घेऊन दिव्याखाली अर्धा तास न हलता पडून राहणार? आपला गुंडू? ज्याचे केस कापायला तिघं लागतात? मध्येच उठला तर डोळाच जाईल, अक्का.

आहे ते दिसणं तरी राहू दे. दोरे तू बदलतेसच.

रागावू नकोस. मला त्याच्यासाठी भीती वाटते म्हणून म्हणतोय.

नाना


२६ फेब्रुवारी

चि. नाना,

रागावले. महिनाभर उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच. आता राग गेला, कारण सांगण्यासारखं पुष्कळ साठलंय.

तुझं पत्र मी बाईला वाचून दाखवलं. आता तिला आम्ही चौकडीताई म्हणतो, गुंडूनेच नाव ठेवलंय. मला वाटलं ती तुझ्यावर चिडेल. तर म्हणाली, "त्यांची भीती खरी आहे. पण आधी गुंडूभाऊंना विचारू या." आणि विचारलंन! रिळं मांडून, जाड पांढुरक्या प्लास्टिकमधून आधी मला दाखवून, की त्याला असं दिसतं, आणि मग प्लास्टिक काढून, की असं दिसू शकेल. डॉक्टर काय करतील, कुठे दुखेल, कुठे नाही, सगळं. लपवाछपवी नाही. गुंडूने मांडलेलं एकेक रीळ चाचपलं. मग म्हणाला, "दोरे हवेत."

पण कापड काही तोंडावर ठरेना. चादर भिरकावली, रुमाल भिरकावला, ताईचा चष्माही त्यात गेला. ताईनेही हात टेकले असं मला वाटलं. एके दिवशी ती नुसतीच दुकानात बसून होती. मी त्या बँकेतल्या लठ्ठ साहेबांच्या अंगावरच सदऱ्याला कच्चा धावदोरा घालत होते, टाचण्या लावून. गुंडू आपल्या जागेवर, टाचण्यांची उशी हातात धरून. साहेबांनी घड्याळ बघायला हात उचलला तशी गुंडू गरजला, "हलू नका! टाचणी आहे!" साहेब पुतळ्यासारखे उभे.

ताई ताडकन उठली. म्हणाली, "अहो अक्का, न हलणं म्हणजे काय ते या घरात यांच्याइतकं कुणाला कळतं? आपण यांना रोगी करत होतो. यांना गिऱ्हाईक करायला हवं."

त्या दिवसापासून माझं कापायचं टेबल म्हणजे ऑपरेशनचं टेबल. आधी ताई झोपते, गुंडू तिच्या तोंडावर कापड टाकतो आणि दरडावतो. मग त्याची पाळी. इस्पितळातल्यासारखं डोळ्यापुरती खिडकी ठेवलेलं कापड मी शिवलंय, दोरा गुंडूचा. जांभळा आहे, असू दे. ताई म्हणते, "सदऱ्याला कच्चा धावदोरा, तसा ऑपरेशनलाही." आणि ते डोळ्यांचे डॉक्टर, देव त्यांचं भलं करो, गर्दी नसते त्या दुपारी आम्हाला त्यांच्या खोलीत येऊ देतात. दिवा लावतात, टेबल वरखाली करतात. गुंडूने त्यांच्या कोटाचं माप घेतलं. खांद्यात ढिला आहे म्हणाला, आणि आहेच.

इतकी वर्षं मी याला सांभाळतेय या तोऱ्यात होते मी. त्या मुलीने मला माझाच भाऊ नव्याने दाखवला.

ऑपरेशन पाच एप्रिलला. एक डोळा आधी.

अक्का


९ एप्रिल

अक्का,

काय तोंडाने लिहू?

मला वाटलं, न सांगता येऊन थडकावं, तुम्हाला बरं वाटेल. रात्रभर बसचा प्रवास करून आलो. इस्पितळाच्या त्या दारातून तो टेबलावर पडलेला दिसला, आणि शप्पथ सांगतो, इतका शहाण्यासारखा पडला होता की माझा ऊर भरून आला. तोंडातून निघूनच गेलं, "काय गुंडूशेठ!"

आणि तो उठला. कापड, पट्ट्या, सगळं भिरकावून "नाना आला! नाना आला!" करत मला मिठी मारायला. अजून थेंबच घातले होते म्हणून निभावलं. त्याला परत झोपवायला डॉक्टर गेले तेव्हा त्याने जो आकांत केला, तो अजून कानात आहे.

आणि वर मी काय केलं, तर त्या बाईंवरच ओरडलो. भर व्हरांड्यात म्हणालो, "तुमच्या या पोरखेळाने काही होणार नाही." आतून गुंडू रडत होता, त्यांचं लक्ष त्याच्याकडे होतं. मी पाय लावून पळालो. कोट तिथेच खुर्चीवर राहिला.

तो टेबलावर झोपतो का आता? खरं सांग.

नाना


१६ एप्रिल

नानासाहेब,

नमस्कार. अक्कांनी तुमचं पत्र मला दाखवलं, तुम्हाला चालेल असं म्हणून. "मी काय लिहू, मी लिहिलं तर शिव्याच लिहीन" असंही म्हणाल्या, म्हणून मीच लिहिते.

तुम्ही विचारलंत ते आधी सांगते. नाही, गुंडूभाऊ अजून टेबलावर झोपत नाहीत. टेबलाखाली बसतात. मीही तिथेच बसते. आम्ही टाचण्या वेचतो.

त्या दिवशी माझीही चूक झाली. दिवा, कापड, सुईची टोच, अनोळखी आवाज, घाबरवणाऱ्या सगळ्याची तालीम मी घेतली होती. आनंदाची तालीम घ्यायची राहून गेली. आवडतं माणूस दारात आलं तर काय करायचं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मग ते जे करतात तेच त्यांनी केलं. तुम्हाला पाहून कुणी असं उठून येत असेल तर तुम्ही भाग्यवान आहात, एवढंच म्हणेन.

काल मी त्यांना पुन्हा विचारलं. नको असेल तर नको, हे सांगायचा हक्क त्यांचाच आहे, तेही सांगितलं. "दोरे हवेत" म्हणाले, आणि तुमचा कोट मागितला. त्याची खालची दुमड उसवली होती, ती अक्कांकडून शिवून घेतली. दोरा त्यांनी निवडलाय. अक्का सवयीने बदलायला निघाल्या होत्या, मी हात धरला. कोट टपालाने येतोय. मला एवढंच वाटतं की आता मागून कुणी काही दुरुस्त करू नये. गुंडूभाऊंचं चुकलं असेल तर ते त्यांना स्वतःला दिसायला हवं, त्यासाठीच तर हे सगळं चाललंय. घालायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणि पुढच्या तारखेला कृपा करून येऊ नका. नंतर मात्र जरूर या.

व्हरांड्यातलं मी विसरले. भावासाठी कुणी इतकं ओरडलं तर मला बरंच वाटतं.

आरोग्य केंद्रातली नर्स
(दुकानात चौकडीताई)


२१ मे

चि. नाना,

झालं! झालं रे बाबा! जीव भांड्यात पडला.

पण आधी तालमीचं ऐक. ताईने आनंदाची तालीम काढली. गुंडू कापडाखाली झोपला की इस्त्रीवाल्याने दारातून धडधडत यायचं आणि तुझ्या आवाजात ओरडायचं, "काय गुंडूशेठ!" त्या माणसाचा आवाज म्हणजे फाटका ढोल, पण हौस दांडगी. पहिल्यांदा गुंडू उठला, दुसऱ्यांदाही उठला. शेजारची पोस्टातली बाई आली, बँकेतले साहेब आले, सगळ्यांनी येऊन आरडाओरडा केला, माझा धंदा बसला. शेवटी एकदा कापडाखालून आवाज आला, "टाचणी आहे. नंतर ये." आम्ही टाळ्या वाजवल्या, तरी हलला नाही.

काल सकाळी नेलं. मी बाहेर, ताई आत. मापाच्या टेपचं एक टोक त्याच्या मुठीत, दुसरं तिच्या. डॉक्टर अगदी गंभीरपणे म्हणाले, "गुंडूभाऊ, हलू नका, टाचणी आहे." तर हा आतून म्हणतो, "तुम्हीपण हलू नका." ताई सांगत होती, सगळी खोली हसू दाबत होती, हलला नाही तो एकटा गुंडू. मी बाहेर देव सोडून इस्त्रीवाल्याचा हात धरून बसले होते.

आज पट्टी काढली. माझ्याकडे पाहतच राहिला. मग हात लावून माझे केस बघितले आणि म्हणाला, "अक्का, काळा दोरा संपला?" हसावं का रडावं ते कळेना, मी दोन्ही केलं. मग ताईच्या शर्टाकडे वळला. चौकडीत बोट फिरवत म्हणाला, "यात पिवळी रेष पण आहे." ती मुलगी कधी कुणासमोर डोळ्यांत पाणी आणत नाही. आज चष्मा पुसायला खिडकीकडे गेली.

तो तुझी आठवण काढतोय. आता ये. दारातून ओरडायचं तेवढं ओरड.

अक्का

ता. क. तो कोट तू घालतोस का रे? दोरा बघितलास ना?


२ जून

चौकडीताई,

नमस्कार. पत्र तुम्हालाच लिहितोय, कारण परवा दुकानात जे घडलं तेव्हा तुम्ही दुसऱ्या कुणाच्या घरी होतात, आणि ते आधी तुम्हाला कळायला हवं.

कोट टपालाने आला तेव्हा मी पाहतच राहिलो. गडद निळ्या कोटाच्या दुमडीला खालून गोल फिरलेला लालभडक दोरा. कपाटात ठेवून द्यावा असं मनात आलं. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि ऑफिसला घालून गेलो. रोज घातला. शिपायाने विचारलं, साहेब, ही नवी फॅशन का? म्हटलं, माझ्या भावाने दोरा दिलाय. पुलावरच्या कामगारांना पण तेच सांगितलं. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, नंतर मीच आपण होऊन सांगायला लागलो.

तोच घालून परवा दुकानाच्या दारात उभा राहिलो. ओरडणार होतो. गुंडू लांब, टेबलाच्या पलीकडे होता. मी ओरडायच्या आत त्याने मान वर केली. मला वाटलं आता धावत येऊन मिठी मारणार, म्हणून मी हातही पसरले. तो धावला नाही. त्याची नजर माझ्या तोंडावरून खाली गेली, कोटाच्या दुमडीवर येऊन थांबली, आणि तिथेच राहिली. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव मी कधी पाहिलेला नाही. वाईट वाटलं असेल म्हणून मी घाबरलो. तोंडावर आलंच होतं, "छान आहे रे, असू दे." अक्कानेही तोंड उघडलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गप्प बसलो. तेवढं तुमच्याकडून शिकलोय.

"हा मी दिला?" त्याने विचारलं.

"तूच दिलास," मी म्हणालो.

"चुकला," तो म्हणाला. आणि ताई, तो हसला. चूक सापडल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. छोटी कात्री घेऊन आला, माझ्यासमोर गुडघे टेकून बसला आणि एकेक टाका उसवायला लागला. कोट मी काढायला गेलो तर खालून दरडावलंन, "नाना, हलू नकोस."

सगळा उसवल्यावर खोक्यापाशी गेला. न चाचपता, नाकाशी न नेता, वरूनच पाहून एक रीळ उचललं आणि अक्काच्या हातात दिलं. मला निळ्यातले निळे कळत नाहीत. पण अक्काने रीळ कोटाला लावून पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते तिला बदलावं लागलं नाही. तिने तिथेच माझ्या अंगावर टाचण्या लावल्या, आणि गुंडू उशी धरून उभा राहिला.

तुम्हाला पोरखेळ म्हणालो होतो. तुम्ही विसरलात, मी विसरणार नाही. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी कुठे उभं राहायचं ते सांगा, इस्त्रीवाल्याबरोबर तालमीला आधी येईन.

एक राहिलं. गुंडू टाके उसवायला बसला तेव्हापासून अक्काच्या टाचण्या लावून होईपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, गळ्यापर्यंत. खिशात रुमाल होता. पण गिऱ्हाईक मी होतो आणि टाचणी होती. मी हललो नाही.

नाना